सही ते राजपत्र: नियम लवकर आणि कमी खर्चात प्रसिद्ध कसे करावेत

अधिसूचनेवर सही झाली की कक्षात काम संपल्यासारखे वाटते. नस्ती (फाइल) बाजूला जाते, पुढची समोर येते. पण ज्या दुकानदाराला, शेतकऱ्याला किंवा गृहनिर्माण संस्थेच्या सचिवाला तो नियम पाळायचा आहे, त्याच्यापर्यंत अजून काहीच पोहोचलेले नसते. राजपत्रात, म्हणजे शासनाच्या अधिकृत प्रकाशनात, येईपर्यंत कायद्याच्या दृष्टीनेही तो नियम अजून जन्माला आलेला नसतो. सही आणि प्रसिद्धी यांमधले दिवस कमी कसे करायचे, आणि त्यावरचा खर्च आटोक्यात कसा ठेवायचा, हे इथे क्रमाने सांगतो. मंत्रालयातील कक्ष अधिकारी आणि सहायक, नगरपरिषदांत उपविधींचे (स्थानिक संस्थेच्या नियमांचे) काम पाहणारे कर्मचारी, मंडळे आणि प्राधिकरणांत विनियम काढणारे लोक यांच्यासाठी हे लिहिले आहे.

मसुदे तपासण्यात आणि मुद्रितशोधनात माझी बरीच वर्षे गेली. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. वेळ छापखान्यात फारसा जात नाही. एकच मजकूर तीन-चार ठिकाणी नव्याने टाइप होतो, प्रत्येक टंकनात नव्या चुका शिरतात आणि त्या शोधण्यासाठी नस्ती मागे-पुढे फिरते, तिथे वेळ जातो. खालच्या बहुतेक पायऱ्या याच दुखण्यावरचे उपाय आहेत.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू

जयपूर संस्थानाच्या मंत्रिमंडळाने १९२३ मध्ये ठराव करून अफूविषयीचा कायदा केला आणि तो कुठेही प्रसिद्ध केला नाही. पुढे हरला नावाच्या माणसाला त्याच कायद्याखाली ५० रुपये दंड झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये ती शिक्षा रद्द केली. लोकांना ज्याची माहिती मिळण्याची सोयच नाही, अशा कायद्याखाली शिक्षा करणे न्यायाला धरून नाही, हा त्या निकालाचा गाभा आहे.

दुसरे प्रकरण मुंबईतले. विमानातून सोने पुढच्या देशात नेणाऱ्यांना जी सवलत होती, ती रिझर्व्ह बँकेने ८ नोव्हेंबर १९६२ च्या अधिसूचनेने कडक केली. अधिसूचना राजपत्रात आली २४ नोव्हेंबरला. झुरिकहून मनिलाकडे निघालेला एक प्रवासी २८ नोव्हेंबरला ३४ किलो सोन्यासह सांताक्रूझ विमानतळावर पकडला गेला. नवा नियम आपल्याला ठाऊकच नव्हता, असा त्याचा बचाव होता. महाराष्ट्र राज्य विरुद्ध मेयर हान्स जॉर्ज या खटल्यात बहुमताने निकाल लागला की राजपत्रातली प्रसिद्धी पुरेशी आहे. म्हणजे राजपत्रात आलेला नियम न वाचणाऱ्यालाही बांधतो. इतके ओझे नागरिकावर टाकायचे, तर तो नियम त्याला सहज मिळेल, शोधता येईल आणि वाचता येईल अशा रूपात देणे हे आपले कर्तव्य ठरते. हे मी फार गंभीरपणे मानतो.

तिसरे प्रकरण अलीकडचे. पाकिस्तानातून येणाऱ्या मालावर २०० टक्के आयात शुल्क लावणारी अधिसूचना १६ फेब्रुवारी २०१९ रोजी ई-राजपत्रावर चढली, ती रात्री ८ वाजून ४६ मिनिटे ५८ सेकंदांनी. ज्या व्यापाऱ्यांनी त्याच दिवशी पण त्याआधी आपली आयातपत्रे दाखल केली होती, त्यांच्यावर नवा दर लावता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरवले. ई-राजपत्रात तारखेबरोबर वेळही मोजली जाते, हे तेव्हापासून पक्के झाले.

या सगळ्याचा पाया माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चे कलम ८ आहे. कायद्याने राजपत्रात प्रसिद्धी सांगितली असेल, तर इलेक्ट्रॉनिक राजपत्रातली प्रसिद्धी चालते. दोन्हीकडे प्रसिद्ध झाले, तर जे आधी आले त्याचा दिनांक धरायचा. केंद्र सरकारने १ ऑक्टोबर २०१५ पासून राजपत्राची कागदी छपाई थांबवून फक्त ई-प्रकाशन सुरू केले, ते याच कलमाच्या जोरावर.

पायरी १: मागच्या दहा अधिसूचनांच्या तारखा मांडा

सुधारणा सुरू करण्याआधी आपल्या कार्यालयाच्या शेवटच्या दहा अधिसूचना काढा. प्रत्येकीसाठी इतक्या तारखा लिहा: मसुदा तयार झाला, विधी व न्याय विभागाकडे गेला, तिथून परत आला, भाषांतराला गेला, परत आला, सही झाली, मुद्रणालयाला पोहोचला, प्रूफ (तपासणीसाठीची प्रत) आले, प्रूफ परत गेले, प्रसिद्ध झाला. ई-ऑफिसमध्ये या तारखा बसल्या जागी मिळतात, कागदी नस्तीत आवक-जावक नोंदवहीत.

हा तक्ता पाहिल्यावर बहुतेकांना धक्का बसतो. ज्या टप्प्याला आपण दोष देत असतो तो अनेकदा दोषी नसतो. प्रूफ दोन दिवसांत आलेले असते आणि आपल्याच टेबलावर तीन आठवडे पडलेले असते. मी एका कार्यालयात हा तक्ता केला, तेव्हा सर्वांत मोठे खिंडार सही आणि मुद्रणालयाला पाठवण्याचे पत्र यांच्यात सापडले. पत्र कोणी करायचे हे ठरलेलेच नव्हते. हे काम कोणाचे, हे एका टिपणीने ठरवून दिले आणि तेवढ्याने दिवस वाचले. एक रुपयाही लागला नाही.

पायरी २: मजकूर एकदाच टाइप करा, आणि युनिकोडमध्येच

या पायरीवर सर्वांत जास्त थांबा.

मराठी कार्यालयांत अजूनही श्री-लिपी, कृतिदेव किंवा तशाच जुन्या फॉन्टमधल्या फाइली फिरतात. त्या फाइलीत खरे तर रोमन अक्षरांचे संकेत असतात आणि फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवतो. दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसला की मजकुराचा गोंधळ होतो. मग पलीकडचा माणूस काय करतो? प्रिंट काढतो आणि पुन्हा टाइप करतो. विभागात एकदा, भाषांतराच्या वेळी एकदा, मुद्रणालयात एकदा. तेव्हा ‘१५’ चे ‘५१’ होते, ‘किंवा’ च्या जागी ‘आणि’ येतो. नियमात या एका शब्दाने परवाना मिळतो किंवा नाकारला जातो.

उपाय साधा आहे. पहिला मसुदा युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर देवनागरीच राहणाऱ्या संकेतप्रणालीत, इनस्क्रिप्ट कळफलकावर टाइप करा. तीच फाइल पुढे सगळीकडे जाऊ द्या. जुन्या फॉन्टमधला मूळ नियम हाती असेल, तर परिवर्तक वापरून युनिकोडमध्ये आणा, पण त्यानंतर तो ओळ न् ओळ मूळ राजपत्राशी ताडून पाहा. परिवर्तक ‘ऱ्य’, ‘र्‍ह’, रफार आणि जोडाक्षरांत नेहमी गडबड करतात. वर्णमालेबाबत शासनाचा ६ नोव्हेंबर २००९ चा शासन निर्णय होता, तो २०२२ मध्ये अद्ययावत झाला. कोणते अक्षर कसे लिहायचे यावर वाद घालत बसण्याऐवजी तो अद्ययावत निर्णय टेबलावर ठेवा.

त्याचबरोबर एक नमुना-फाइल बनवा. तिच्यात अधिसूचनेचे मथळे, क्रमांक, अधिकार देणाऱ्या कलमाचा उल्लेख, ‘संक्षिप्त नाव व प्रारंभ’, ‘व्याख्या’, नियम, पोटनियम, खंड आणि अनुसूची यांच्या ठरलेल्या शैली हव्यात. क्रमांक हाताने टाइप करू नका, संगणकाच्या स्वयंचलित क्रमांकनावर सोडा. मधला एक नियम वगळला की बाकीचे आपोआप सरकतात. पण मजकुरातले ‘नियम ७ मध्ये नमूद केल्याप्रमाणे’ असे उल्लेख सरकत नाहीत. ते संदर्भदुव्याने जोडता आले तर उत्तम, नाही तर त्यांची वेगळी यादी करून शेवटी तपासा. चुकीच्या संदर्भक्रमांकामुळे शुद्धिपत्रक काढायची वेळ माझ्या हातून गेलेल्या कामात सर्वांत जास्त वेळा आली.

तक्ता चित्र म्हणून डकवू नका. स्कॅन केलेले पान जोडू नका. तक्ता असेल तर तो खऱ्या तक्त्यातच करा, नाही तर मुद्रणालयाला तो नव्याने जुळवावा लागतो, आणि अंध व्यक्तीच्या स्क्रीन रीडरला त्यातले काहीच वाचता येत नाही.

पायरी ३: इंग्रजी पाठ सोबतच चालवा

महाराष्ट्रात नियमांची मराठी अधिसूचना निघते आणि संविधानाच्या अनुच्छेद ३४८ च्या खंड (३) नुसार राज्यपालांच्या प्राधिकाराने इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध होते. प्रथा अशी की मराठी पाठ पूर्ण पक्का झाल्यावर भाषांतर सुरू करायचे. इथे आठवडे जातात.

त्याऐवजी दोन स्तंभांची फाइल ठेवा, डावीकडे मराठी आणि उजवीकडे इंग्रजी, प्रत्येक पोटनियम समोरासमोर. मसुद्यात बदल झाला की त्याच ओळीतला दुसरा पाठही त्याच दिवशी बदलायचा. संज्ञांसाठी भाषा संचालनालयाचे शासनव्यवहार कोश आणि न्यायव्यवहार कोश वापरा, आणि मूळ अधिनियमात जो प्रतिशब्द आहे तोच ठेवा. अधिनियमात ‘अनुज्ञप्ती’ असेल, तर नियमात सोयीसाठी ‘परवाना’ लिहू नका. दोन शब्द म्हणजे दोन अर्थ, असा युक्तिवाद न्यायालयात हमखास होतो. समोरासमोर लिहिण्याचा आणखी एक लाभ आहे. जे वाक्य इंग्रजीत नीट उतरत नाही, ते बहुधा मराठीतही संदिग्ध असते.

पायरी ४: विधी विभागाकडे जाताना तुलनात्मक तक्ता जोडा

तीन स्तंभ पुरेत: सध्याची तरतूद, प्रस्तावित तरतूद, बदलाचे कारण. वर एका पानावर लिहा की नियम करण्याचा अधिकार कोणत्या कलमाने दिला आहे, पूर्वप्रसिद्धी (मसुदा आधी लोकांसमोर ठेवणे) लागते का, विधानमंडळासमोर ठेवणे आवश्यक आहे का. हे नसले की पहिली विचारणा याचीच येते आणि एक फेरी वाया जाते.

पायरी ५: पूर्वप्रसिद्धी: काय छापायचे आणि काय नाही

मूळ अधिनियमात ‘पूर्वप्रसिद्धीच्या अधीन राहून’ असे शब्द असतील, तर मसुदा आधी लोकांसमोर ठेवून हरकती व सूचना मागवाव्या लागतात. केंद्रीय कायद्यांसाठी ही रीत सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ च्या कलम २३ मध्ये आहे. केंद्राच्या २०१४ च्या पूर्व-विधान विचारविनिमय धोरणात किमान ३० दिवस मसुदा लोकांसमोर ठेवावा असे म्हटले आहे, आणि ते दुय्यम विधानालाही (अधिनियमाखाली केलेल्या नियम-विनियमांनाही) लागू आहे.

खर्चाचा मोठा भाग इथेच, वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत जातो. जाहिरातीचा दर चौरस सेंटिमीटरवर चालतो. तरी अनेक स्थानिक संस्था पूर्ण उपविधी, अनुसूचीसकट, दोन-दोन दैनिकांत छापतात. का, असे विचारले तर ‘नेहमी असेच करतो’ हे उत्तर मिळते. आधी मूळ कलम शब्दशः वाचा. तिथे मसुदा वर्तमानपत्रात छापा असे म्हटले आहे, मसुद्याची सूचना छापा असे म्हटले आहे, की पद्धत प्राधिकरणावर सोडली आहे? कलम २३ मध्ये प्राधिकरणाला पुरेशी वाटेल अशा रीतीने प्रसिद्धी करावी, अशी मुभा आहे. बी. के. श्रीनिवासन विरुद्ध कर्नाटक राज्य (१९८७) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की दुय्यम विधान योग्य रीतीने प्रसिद्ध झालेच पाहिजे, मग मूळ कायद्यात तसे लिहिलेले असो वा नसो. मात्र त्या प्रकरणात आराखडा आणि विनियम कार्यालयात पाहायला ठेवले आहेत, अशी राजपत्रातली सूचना पुरेशी मानली गेली.

तेव्हा कायदा परवानगी देत असेल तिथे वर्तमानपत्रात आठ-दहा ओळींची सूचना द्या. त्यात उपविधींचे नाव, ते कोणाला लागू होतील, पूर्ण मजकूर कुठे मिळेल (संकेतस्थळाचा पत्ता, क्यूआर कोड आणि कार्यालयाचा पत्ता), हरकती कुठे पाठवायच्या आणि शेवटचा दिनांक या पाच गोष्टी हव्यात. शेवटचा दिनांक ‘प्रसिद्धीपासून ३० दिवस’ असा न लिहिता प्रत्यक्ष तारखेत लिहा. केंद्राच्या जुन्या अधिसूचनांत ‘राजपत्राच्या प्रती जनतेला उपलब्ध झाल्याच्या दिनांकापासून’ असे शब्द असत, आणि प्रती नेमक्या कधी उपलब्ध झाल्या हे सामान्य माणसाला कळायला मार्ग नसे. तारीख लिहिताना राजपत्रातल्या प्रसिद्धीनंतर कायद्याने मागितलेले दिवस पूर्ण भरतात ना, एवढे मोजून घ्या.

आणि पैसे वाचवले म्हणून माणूस वगळू नका. ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांच्यासाठी मसुद्याची छापील प्रत कार्यालयात, वाचनालयात, ग्रामपंचायतीच्या किंवा प्रभाग कार्यालयाच्या फलकावर हवीच. वीस झेरॉक्स प्रतींचा खर्च अर्ध्या पानाच्या जाहिरातीपुढे काहीच नाही.

आलेल्या हरकती एका तक्त्यात नोंदवा: नियम क्रमांक, हरकतीचे सार, निर्णय, कारण. अंतिम मसुद्यासोबत हा तक्ताच टिपणी म्हणून जातो आणि वेगळी लांबलचक टिपणी लिहावी लागत नाही.

पायरी ६: मुद्रणालयाकडे पाठवताना

चर्नी रोडच्या शासकीय मध्यवर्ती मुद्रणालयापासून राज्यातल्या इतर शासकीय मुद्रणालयांपर्यंत, तिथले लोक अनुभवी आहेत. त्यांना नीट साहित्य मिळाले की काम पटकन होते. राजपत्राचा भाग आधीच ठरवून पत्रात लिहा. महाराष्ट्र अधिनियमांखालचे नियम साधारणपणे भाग चार-ब मध्ये, केंद्रीय अधिनियमांखाली राज्याने केलेले भाग चार-अ मध्ये येतात. साप्ताहिक अंक चालेल की असाधारण राजपत्र (साप्ताहिक अंकाची वाट न पाहता निघणारे) हवे, हेही स्पष्ट लिहा. प्रत्येक कामाला ‘अत्यंत तातडीचे’ असा शेरा मारला की त्या शेऱ्याला किंमत राहत नाही. महिनाभराने अमलात येणाऱ्या नियमाला साप्ताहिक अंक पुरतो.

सोबत दोन फाइली द्या: स्वाक्षरी केलेली पीडीएफ आणि संपादन करता येणारी युनिकोड फाइल. दोन्हींतला मजकूर एकच आहे, असे प्रमाणित करणारे एक वाक्य पत्रात घाला.

एका अधिसूचनेची एकच फाइल असू द्या. युरोपीय संघाने आपल्या राजपत्रात १ ऑक्टोबर २०२३ पासून हाच बदल केला. तिथे आता अनेक कायदे एकत्र बांधलेला अंक निघत नाही, प्रत्येक कायदा स्वतंत्रपणे प्रसिद्ध होतो. एका मजकुराची चूक सापडली म्हणून बाकीचे सगळे अडकून पडत नाहीत.

प्रूफासाठी एकाच माणसाचे नाव द्या, आणि तो रजेवर असेल तर दुसऱ्याचे. प्रूफ एकट्याने डोळ्यांनी वाचू नका. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने प्रूफावर बोट ठेवून पाहायचे. आकडे एकेक अंक सुटा करून वाचायचे, ‘पंचवीस’ नाही, ‘दोन, पाच’. ही जुन्या छापखान्यांतली पद्धत आहे आणि तिच्याहून चांगली मला अजून सापडलेली नाही. प्रूफावर भाषा सुधारण्याचा मोह टाळा. सही झालेल्या मजकुरात शब्द बदलणे म्हणजे नियम बदलणे.

छापील प्रती किती? अभिलेखासाठी चांगल्या कागदावरच्या थोड्या, बाकी मागणीनुसार. वाटप-यादी दहा वर्षांपूर्वीची असेल तर आजच तपासा.

पायरी ७: अंमलाचा दिनांक विचार करून लिहा

‘राजपत्रात प्रसिद्ध झाल्याच्या दिनांकास अमलात येतील’ हे वाक्य सवयीने लिहिले जाते. जिथे लोकांना फलक बदलायचे आहेत, यंत्र बसवायचे आहे किंवा नवा अर्ज भरायचा आहे, तिथे ते अन्यायाचे आहे. पुढच्या महिन्याची किंवा तिमाहीची पहिली तारीख द्या. ब्रिटनमध्ये व्यवसायांवरचे बरेच नवे नियम ६ एप्रिल आणि १ ऑक्टोबर या दोन ठरलेल्या तारखांना लागू करण्याची प्रथा पाडली गेली, ती याच हेतूने. कर किंवा शुल्कासारखे तत्काळ लागू होणारे काही असेल, तर वर सांगितलेले सेकंदांचे प्रकरण आठवा आणि ई-राजपत्रावर चढल्याच्या वेळेची नोंद नस्तीत ठेवा.

पायरी ८: प्रसिद्धीनंतरचा पहिला आठवडा

शासन निर्णयांना संगणक संकेतांक असतो, त्यामुळे ते शोधता येतात. अधिसूचनेसाठीही आपल्या संकेतस्थळावर राजपत्राचा भाग, दिनांक आणि अधिसूचना क्रमांक यांसह स्वतंत्र पान करा. त्यावर पीडीएफ तर द्याच, शिवाय मजकूर पानावरच उघडा ठेवा. मराठी पीडीएफमधून मजकूर उचलताना ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरे अनेकदा विस्कटतात, म्हणून शोधयंत्राला त्या सापडत नाहीत. फाइलचे नाव ‘स्कॅन००१’ असे ठेवू नका, त्यात नियमाचे नाव आणि वर्ष येऊ द्या.

दुरुस्ती नियम असतील, तर एकत्रित मजकूर त्याच दिवशी चढवा. ‘नियम ४ मधील पोटनियम (२) मध्ये अमुक या शब्दांऐवजी तमुक हे शब्द दाखल करण्यात येतील’ एवढेच वाचून कोणाला काही कळत नाही. पायरी ४ चा तुलनात्मक तक्ता आणि मूळ युनिकोड फाइल हाताशी असेल, तर एकत्रित पाठ अर्ध्या दिवसात होतो. ‘सोयीसाठी तयार केलेला, अधिकृत पाठ राजपत्रातील’ अशी ओळ वर घाला.

चूक सापडली तर लगेच शुद्धिपत्रक काढा, पण टंकलेखनाची किंवा छपाईचीच चूक त्यातून दुरुस्त होते. आशय बदलत असेल तर दुरुस्ती नियमच करावे लागतात. ही सीमा ओलांडून काढलेले शुद्धिपत्रक न्यायालयात टिकत नाही.

शेवटी साध्या मराठीत एका पानाचे पत्रक करा: कोणाला लागू, काय करायचे, केव्हापर्यंत, शंका कोणाला विचारायच्या. ते आपले सरकार सेवा केंद्रांत, फलकांवर आणि संबंधित संघटनांकडे पाठवा. आठवड्याने ज्यांना नियम लागू होतो अशा तीन जणांना फोन करा आणि अंमलाचा दिनांक विचारा. त्यांना तो सांगता आला नाही, तर पत्रक पुन्हा लिहा.